पाणी नितळ आहे

त्या इस्पितळात मावश्या पुष्कळ होत्या. झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, खुर्ची ढकलणाऱ्या. पण नुसतं 'मावशीला बोलवा' म्हटलं की कोणाला बोलवायचं हे सगळ्यांना ठाऊक असे. तिसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला जी खोली होती, तिथली ही मावशी. खोलीच्या दारावर लांबलचक नाव होतं, ते कोणी वाचत नसे. सगळे तिला सुईची खोली म्हणत. तिथे माणसाच्या पाठीत, दोन मणक्यांच्या मधून, लांब बारीक सुई घालून पाणी काढत. मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं ते. डॉक्टर त्याला काहीही म्हणोत, त्या मजल्यावर त्याला 'पाठीतलं पाणी' एवढंच नाव होतं.

मावशीचं काम माणूस धरण्याचं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण सुई नीट जायची तर माणसानं कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, हनुवटी छातीला टेकवावी लागते आणि पाठ मांजरीसारखी बाहेर काढावी लागते. तेव्हा कुठे मणक्यांमधली फट उघडते. घाबरलेला माणूस बरोबर याच्या उलट करतो. पाठ ताठ करतो, श्वास कोंडतो, पाय ताणतो. मग सुई हाडावर आपटते, डॉक्टर पुन्हा जागा शोधतात, आणि पलंगावरचा माणूस देवाला आणि डॉक्टरला एकाच दमात हाका मारू लागतो.

मावशी समोर उभी राहायची. एक हात मानेमागे, एक गुडघ्यांमागे. माणसाचं कपाळ आपल्या पोटावर टेकवून घ्यायची आणि बोलायला लागायची. काय बोलायची त्याला काही धरबंध नसे. "आमच्या घरी एक बस आहे," ती म्हणायची. "रात्रभर चालू असते. निवृत्त झाली तरी इंजिन बंद होत नाही." मग कळायचं की ती नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोलते आहे. भलाथोरला ट्रक हाकणारा गडी तिच्या एप्रनमध्ये तोंड घालून हसायचा, आणि हसला की पाठ सैल. सुई आत.

थेंब पडायला लागले, नळी भरली, की डॉक्टर ती खिडकीच्या उजेडाकडे एकदा धरत. ही त्यांची जुनी सवय. आणि मावशीची सवय म्हणजे मान वाकडी करून नळीत डोकवायचं आणि माणसाच्या कानाशी सांगायचं, "पाणी नितळ आहे हो. काचेसारखं."

माणूस सुस्कारा सोडायचा. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. जाताना माणसं तिचा हात घट्ट धरायची.

हे शब्द तिच्या तोंडी कुठून आले, तेही सांगायला हवं. तरुणपणी ती तापाच्या वॉर्डात होती. मेंदूला सूज आलेली मुलं तिथे यायची. त्यांचं पाणी काढलं की कधी ते दूध कालवल्यासारखं गढूळ निघे, आणि मग त्या पलंगाकडे बघायचा तिला धीर होत नसे. कधी नितळ निघे, आणि ते मूल चार दिवसांनी व्हरांड्यात पळताना दिसे. गढूळ म्हणजे वाईट, नितळ म्हणजे चांगलं. इतकं साधं होतं ते, आणि तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढे तापाचा वॉर्ड दुसऱ्या इमारतीत गेला, ती सुईच्या खोलीत आली, आणि तिथे वेगळीच माणसं येऊ लागली. चालताना अडखळणारी, एका डोळ्यानं अंधुक पाहणारी, हाताला मुंग्या येणारी. त्यांचं पाणी नेहमी नितळच निघायचं. काळ सुधारला, औषधं चांगली आली, असं तिला मनोमन वाटे. डॉक्टर तिचं वाक्य ऐकत आणि गालात हसत. माणूस सैल पडतोय ना, मग कोण कशाला मध्ये बोलेल?

साऱ्या इस्पितळाची ती मावशी होती, पण सख्खी मावशी एकीचीच.

धाकटी बहीण गेली तेव्हा तिची पोर दुसरीत होती. बापानं दुसरा घरोबा केला, आणि पोर मावशीकडे राहिली ती राहिलीच. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. पोर एका जागी म्हणून बसत नसे. टेबलावर चढ, कपाटात शिर, घड्याळ उघड. "हिला सकाळी किल्ली कोण देतं?" असं मावशीचे यजमान म्हणायचे, आणि तेव्हापासून तिचं नाव 'किल्ली' पडलं. मोठेपणी तिनं धंदाही तोच धरला. बाजाराच्या गल्लीत एका जिन्याखाली एक म्हातारा कुलूपवाला बसायचा. त्याच्या हाताखाली शिकली आणि तो थकल्यावर त्याची जागा तिनं घेतली. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यात थांबायचं, एवढी जागा. भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, एक कानस, एक किल्ली कापायचं यंत्र, आणि पितळेच्या बारीक भुग्यानं सोनेरी झालेली तिची नखं.

कुलूप उघडायला ती दोन बारीक तारा वापरायची, आणि उघडताना वर छताकडे बघायची. कोणी विचारलं, "अहो, इकडे बघा की," तर म्हणायची, "डोळे मध्ये आले की घोटाळा होतो. आत काय चाललंय ते बोटांनाच कळतं."

पहिल्यांदा तिचा एक डोळा बिघडला. काही आठवडे धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. पितळेचा भुगा गेला असेल, म्हणून तिनं दुर्लक्ष केलं, आणि डोळा खरंच आपोआप सुधारला. मग बोटं. "हातमोजे घालून काम करतेय असं वाटतं गं," ती एकदा चहा पिताना म्हणाली, आणि मावशीनं कप खाली ठेवला. ही वाक्यं तिनं सुईच्या खोलीत शेकड्यांनी ऐकली होती.

तिनं सांगूनही किल्ली डॉक्टरांकडे यायला तयार होईना. मग एक म्हातारी बाई बाहेर आली नि मागे घराचं दार लागलं, आतून दुधाचा करपट वास यायला लागला, आणि किल्लीच्या बोटांना कुलपातलं काही कळेना. तारा आत जात होत्या, पण नुसत्या जात होत्या. शेवटी तिनं हातोडीनं कुलूप फोडलं. त्या दिवशी ती घरी आली आणि हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मावशीनं तिला डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं.

डॉक्टरीणबाई मज्जातंतूंच्या. बोलणं मोजकं, पण माणसाशी बोलताना खुर्ची पुढे ओढून घेणारी बाई. मेंदूच्या फोटोत पांढरे ठिपके होते. "आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस," त्या म्हणाल्या. "शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच चुकून मज्जातंतूंवर हल्ला करतात. वायरीवरचं आवरण सोलून निघावं तसं होतं. खात्री करायला पाठीतलं पाणी काढू. शिवाय माझा एक अभ्यास चालू आहे. काही माणसांचा हा आजार वर्षानुवर्षं एकाच जागी असतो, काहींचा आतल्या आत सरकत जातो, आणि वरून दोघं सारखीच दिसतात. कोण कुठल्या वाटेनं जाणार, हे त्या पाण्यातून आधी कळतं का, ते मी बघतेय. दर वर्षी एकदा पाणी द्यावं लागेल. देशील?"

"मावशी धरणार असेल तर देते," किल्ली म्हणाली.

मावशीनं धरलं. किल्लीचं कपाळ तिच्या पोटावर टेकलं.

"तुझ्या पोटाला फिनेलचा वास येतो."

"मग काय अत्तर लावून येऊ तुझ्यासाठी?"

"लावायचं होतंस. मी काही रोज येत नाही."

पाठीला सुई लागली तशी तिची बोटं मावशीच्या एप्रनमध्ये रुतली. मावशी बसचं इंजिन सांगत राहिली. थेंब पडले, नळी भरली, डॉक्टरीणबाईंनी ती खिडकीकडे धरली. मावशीचा जीव डोळ्यांत आला होता. तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि आयुष्यात इतक्या खात्रीनं ती काही बोलली नसेल.

"किल्ले, पाणी नितळ आहे गं बाई! नळाला येत नाही इतकं."

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. पाण्यात आजाराच्या खुणा होत्या, शंका उरली नव्हती. पण त्यांना काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. "मज्जातंतूच्या आत एक सांगाडा असतो, बारीक दोऱ्यांचा. तंतू तुटला की त्या दोऱ्यांचा चुरा या पाण्यात उतरतो. तो चुरा आम्ही मोजतो. तुझ्या वयाला असायला हवा त्यापेक्षा तो बराच जास्त आहे. मला या आकड्याची भीती वाटते." औषधं दोन तऱ्हेची होती. एक घरच्या घरी टोचून घ्यायचं, सौम्य. दुसरं जोरदार, सलाइनमधून. त्यासाठी वॉर्डात राहायचं, पुढे कितीतरी दिवस गर्दीपासून लांब राहायचं, दुकान बंद. "मी म्हणेन जोरदार घे. आत्ताच घे."

जिन्यावरून उतरताना किल्ली मधेच थांबली. "मला तर बरं वाटतंय गं. डोळा सुधारला. बोटंही जरा बरी आहेत. तू इतकी वर्षं हेच बघतेस. तू सांग."

मावशीच्या मनात त्या क्षणी ते सलाइन होतं. त्या औषधानं गळून गेलेली माणसं तिनं पाहिली होती, आणि ह्या पोरीला तसं बघायची तिच्यात ताकद नव्हती. पण ती बोलली ते भलतंच. "हे बघ, मी डोळ्यांनी पाहिलंय. आत काही असतं तर दिसलं नसतं का? यंत्रं काय, चुकतातही."

किल्लीचा चेहरा उजळला. ठरलं, सौम्यच घ्यायचं.

घरी यजमानांना हे पटलं नाही. सारा जन्म शहरातल्या बस चालवण्यात गेलेला माणूस. बोलायचा कमी, पण बोलला की ब्रेक लागत नसे. "नुसतं बघून कळत असतं, तर त्यांनी खाली एवढी यंत्रं कशाला घेतली? तुलाच एक स्टूल देऊन बसवलं असतं."

"तुम्ही तुमची बस चालवा," मावशी म्हणाली.

"माझी बस केव्हाच डेपोत गेली. पोरीची चालू आहे, म्हणून बोलतोय."

"काका, भांडू नका," किल्ली म्हणाली. "माझं पाणी नितळ आहे."

ते वाक्य मग घरात रुळलंच. किल्लीला कंटाळा आला, इंजेक्शन चुकलं, की ती म्हणायची, "एक दिवसानं काय होतंय? पाणी नितळ आहे." एक दिवस म्हणता म्हणता आठवडे चुकू लागले. मावशी रागवायची, पण तिच्या रागवण्याला धार नसे. दुकानात गिऱ्हाइकं किल्ल्या परत आणू लागली होती. कुठे दात जास्त कापलेला, कुठे कमी. किल्लीनं यंत्रापुढे एक स्टूल आणून ठेवलं, पाय दुखतात म्हणून. जिना उतरताना ती कठड्याला हात लावू लागली, आधी नुसता, मग घट्ट. मावशीला हे दिसत होतं. परक्या माणसाचं असतं तर तिनं लगेच ओळखलं असतं.

वर्षानं मेंदूचा फोटो काढला, त्यात नवा ठिपका एकही नव्हता. मावशीनं यजमानांकडे असं पाहिलं की ते वर्तमानपत्रामागे गेले. पाणी पुन्हा काढलं. पुन्हा नितळ. मावशीनं पुन्हा सांगितलं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या.

"फोटो शांत आहे," त्या म्हणाल्या. "पण चुऱ्याचा आकडा दुपटीच्याही वर गेलाय. म्हणजे वरून काही दिसत नाही, आणि आत तंतू तुटतायत. इंजेक्शनं नियमित घेतलीस?"

किल्ली नखांतला पितळेचा भुगा काढू लागली.

"पण मॅडम," मावशी म्हणाली, "पाणी तर नितळ होतं."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "नितळच असतं ते, मावशी," त्या म्हणाल्या, अगदी सहज, जसं कोणी सांगावं की मीठ पांढरं असतं. आणि पुन्हा किल्लीकडे वळल्या.

मावशी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तळमजल्यावर गेली. सुईच्या खोलीतून भरलेल्या नळ्या खाली जात, एवढंच तिला माहीत होतं. त्या जिथे जात तिथे ती कधी गेली नव्हती. प्रयोगशाळेत जाड भिंगाचा चष्मा घातलेली एक बाई असे. तिला मावशी ओळखत होती ती लिफ्टपुरती.

"मावशी? तुम्ही इकडे? वाट चुकलात का?"

"चुकले असेन. एक विचारू? पाणी चांगलं की वाईट, ते तुम्ही कसं ओळखता?"

चष्मेवालीनं आधी थट्टा समजून हसून पाहिलं. मग मावशीचं तोंड बघून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. तपासून झालेल्या नळ्यांतल्या दोन वहीत बघून उचलल्या, टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि त्यापुढे उभ्या केल्या. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. "यातलं एक पाणी ज्याचं आहे, त्याला डोकेदुखीपलीकडे काही झालेलं नाही. दुसरा माणूस आता खुर्चीवरून उठू शकत नाही. तुमच्या मजल्यावरचाच आजार. सांगा कुठलं कुणाचं."

मावशी वाकली. आपला चष्मा पुसला, पुन्हा वाकली. नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, डॉक्टर धरतात तशा. दोन्ही सारख्या. काचेसारख्या.

"नाही कळत ना? मलाही नाही कळत. कुणालाच नाही कळत. म्हणून तर हे सगळं," चष्मेवालीनं मागच्या घोंघावणाऱ्या यंत्रांकडे हात केला. "चुरा इतका बारीक असतो की डोळ्याच्या बापाला दिसायचा नाही."

"आणि गढूळ?"

"ते जंतूंचं, मावशी. तापाचं. या आजारात पाणी कधी गढूळ होत नाही. माणूस पार गेला तरी नाही."

मावशी तिथल्या स्टुलावर बसली. चष्मेवालीनं पाणी आणून दिलं, प्यायचं. ते हातात धरून तिनं ग्लासाच्या आरपार पाहिलं आणि न पिताच खाली ठेवलं. कोण कोण डोळ्यांपुढे येत होतं. तो हसणारा ट्रकवाला. एक शाळामास्तरीण, जिनं जाताना तिचे दोन्ही हात कपाळाला लावले होते. एक नवी लग्न झालेली पोरगी, जी नवऱ्याला दारातूनच ओरडून सांगत गेली होती, "नितळ आहे, नितळ आहे!" त्यातल्या कोणी औषध टाळलं असेल? कोणी घरी जाऊन म्हटलं असेल, एक दिवसानं काय होतंय? तिला कधी कळणार नव्हतं.

संध्याकाळी ती बाजारातल्या गल्लीत गेली. किल्ली यंत्र बंद करून कानशीनं एक किल्ली घासत होती, डोळे अगदी किल्लीला चिकटवून. छताकडे बघणं केव्हाच सुटलं होतं.

"किल्ले, मला त्यातलं काही कळत नव्हतं," मावशी उभ्या उभ्याच म्हणाली. "कधीच नव्हतं कळत. ते नितळच असतं. सगळ्यांचं."

कानस थांबली.

"मी खाली जाऊन विचारून आले. आज. इतक्या वर्षांनी आज गेले विचारायला."

किल्लीनं हातातली किल्ली उलटीपालटी केली, जणू ती कुठल्या कुलपाची ते आठवत होती. "मॅडमनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "स्वच्छ सांगितलं होतं, भीती वाटते म्हणून. मी काही बहिरी नव्हते. मला तुझंच ऐकायचं होतं, हे खरं आहे." ती थांबली. "पण तू किती ठाम बोललीस गं. हेही खरंच आहे ना?"

"खरं आहे."

"मग आता जा तू. आज जा."

मावशी गेली.

जोरदार औषध सुरू झालं. किल्ली तिसऱ्या मजल्यावरच, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खिडकीजवळच्या पलंगावर होती. मावशी चादरी घेऊन दारात दिसली की ती तोंड भिंतीकडे करायची. डबा यजमान नेत. वाटेत बायकोला गाठून सांगत, "अर्धा खाल्ला." किंवा, "आज हसली. माझ्यावरच, पण हसली." त्यांनी 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. मावशी त्याची वाट बघत राहिली. म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सुईच्या खोलीत ती गप्प झाली. हात तेच होते, पकड तीच होती, पण माणसांच्या पाठी उघडेनात. सुई हाडावर आपटू लागली. एक तरुण मास्तर तीनदा टोचून घेऊन रडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "मावशी, काय झालंय? तुमच्याशिवाय ही खोली चालत नाही हो."

"मॅडम, मी सगळ्यांना सांगायचे ते खोटं होतं. तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला वाटायचं, ते तुम्ही धीर द्यायला म्हणता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणी ते खरं धरून घरी जात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

मावशी पुन्हा बोलू लागली, हळूहळू. बस चालू झाली. पण नळी भरली की ती तोंड मिटे. कोणी विचारलंच, "मावशी, कसं आहे हो पाणी?", तर म्हणायची, "ते खाली बघतात. मला त्यातलं कळत नाही." हे वाक्य तिला पहिल्यांदा म्हणायला फार जड गेलं. ऐकणाऱ्याचा हात तिच्या हातातून सैल होऊन खाली पडला होता, ते ती विसरली नाही.

तिसऱ्या वर्षीचं पाणी द्यायला किल्ली आली ती काठी घेऊन. औषधानं केस विरळ झाले होते. मावशीनं आधीच सिस्टरला सांगून ठेवलं होतं की आज दुसऱ्या कोणाला तरी उभं करा. दुसरी बाई हातमोजे चढवत होती, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"ही कोण? मावशी कुठाय?"

मावशी दाराआडून पुढे आली.

"तूच धर," किल्ली म्हणाली. "पण पाण्याचं काही बोलू नकोस."

मावशीनं धरलं. पोर हलकी झाली होती. लहानपणी झोपेतून उचलायची तेव्हा लागायची तेवढीच. कपाळ पोटावर टेकलं. यावेळी कोणी फिनेलबद्दल बोललं नाही. किल्लीच्या बोटांनी एप्रन पकडला आणि मावशीला नवल वाटलं, अजून सुई लागली नाही तर ही एवढं घट्ट का धरते? मग तिच्या लक्षात आलं. तिच्या बोटांना कापड जाणवतच नव्हतं. हातात काही आहे की नाही, ते कळावं म्हणून ती जीव खाऊन धरत होती. मावशीनं आपला हात त्या मुठीवर ठेवला आणि तोही घट्ट दाबला.

थेंब पडले. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं नळी खिडकीकडे धरली. मावशी किल्लीच्या विरळ झालेल्या भांगाकडे बघत राहिली.

निकाल आला. आकडा उतरला होता. पुष्कळ उतरला होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच दारापर्यंत सोडायला आल्या. "थांबलंय," त्या म्हणाल्या. "जे तुटलं ते परत येणार नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण पुढचं तुटणं थांबलंय. हे औषध पहिल्याच वर्षी दिलं असतं तर..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ते पुरं करायची गरज त्या खोलीत कोणालाच नव्हती.

किल्लीच्या बोटांत जे गेलं होतं ते गेलं. यंत्र तिनं शेजारच्या गल्लीतल्या एका कुलूपवाल्याला दिलं, कोऱ्या किल्ल्या खिळ्यांवरून उतरवून पेटीत भरल्या. दोन बारीक तारा तेवढ्या तिनं स्वतःच्या खिशात टाकल्या. मावशी आणि यजमान मदतीला आले होते. यजमानांनी पेटी रिक्षात नेऊन ठेवली आणि शटर खाली ओढलं. एवढ्या वर्षांत ते शटर इतकं सावकाश कोणी ओढलं नसेल.

किल्ली काठी भिंतीला टेकवून कुलपाशी वाकली. हातातली किल्ली कुलपावर इकडेतिकडे आपटत राहिली. तिनं एकदा डोळे मिटले, पूर्वीसारखी मान वर केली, पण हात अडखळतच राहिला. पितळ पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. मावशीला पुढे होऊन तिच्या हातातून किल्ली घ्यावीशी वाटली. पण ती जागची हलली नाही.

"मावशी," किल्ली मागे न बघता म्हणाली, "भोकात गेली का बघून सांग."

"मी? बघून?"

"एवढं तर दिसतं ना तुला?"

टोमणा होता तो, आणि नीट लागलाही. मावशी गुडघे दाबत वाकली, चष्मा पुढे ओढला आणि कुलपाच्या अगदी जवळ तोंड नेलं. किल्लीचं टोक भोकाच्या कडेवर अडकलं होतं.

"जरा डावीकडे," ती म्हणाली. "अजून. थोडी वर. थांब."

"गेली?"

मावशीनं पुन्हा पाहिलं. खात्री करून घेतली.

"गेली. आता फिरव."